खुळ्या रोपाची देणगी

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी बुरशीची गोष्ट आणून ठेवणे हे काही शुभलक्षण नव्हे, हे मी जाणून आहे. लोणच्याच्या बरणीत पांढरा तवंग दिसला की घरातली माणसे हळहळतात. पावसाळ्यात चामड्याच्या वहाणांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर ती हिरवट लव चढली की आपण नाक मुरडून फडके शोधू लागतो. परंतु मी आज जी गोष्ट सांगणार आहे ती बरणीवरच्या बुरशीची नाही. ती झाडाच्या पोटात घर करून राहणाऱ्या बुरशीची आहे. आणि तुमच्या ताटात या हिवाळ्यानंतर जी टपोरी द्राक्षे येतील, त्यांच्याशी तिचा फार जवळचा संबंध आहे. म्हणून वाचकांनी जरा धीर धरावा, एवढीच विनंती.

आधी माझ्या फजितीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण हा लेख तिच्यातूनच निघाला.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यातले. चहूकडे द्राक्षांचे मांडव. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की पुढले चार महिने गावाला दुसरा विषय नसतो. घड डोळ्यांना दिसू लागले की 'डिपिंग' सुरू होते, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुले गायब होतात. गेल्या मार्गशीर्षात असाच एक मुलगा चार दिवसांनी वर्गात उगवला. मी कपाळाला आठ्या घालून विचारले, "काय रे, कुठे होतास?"

"डिपिंगला गेलो होतो गुरुजी. आईला पाणी भरून द्यायला."

मी रागावण्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात त्यानेच विचारले, "गुरुजी, त्या पाण्यात असं काय असतं? एकदा घड बुडवला की मणी एवढाले होतात."

"औषध असतं," मी म्हणालो.

"पण द्राक्षाला रोग कुठं झालाय?"

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हते. आणि उत्तर येत नसले म्हणजे मास्तर जे करतो तेच मी केले. "खाली बस," म्हणालो. तो बसला. पण त्या रात्री मला काही केल्या चैन पडेना. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस; कादंबऱ्या लिहितो, मुलांना व्याकरण आणि इतिहास शिकवतो. रसायनशास्त्राशी माझी ओळख दुरूनच. तरी त्या मुलाचा प्रश्न इतका सरळ होता की त्याला 'खाली बस' हे उत्तर नव्हते. मग मी शोध घेऊ लागलो. जे सापडले ते असे.

ही गोष्ट सुरू होते जपानातल्या भाताच्या वाफ्यात. तिथल्या शेतकऱ्यांना एक चमत्कारिक रोग पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. रोपे लावली की काही रोपे भराभर वाढत. शेजारची रोपे वीतभर असावीत आणि यांनी हातभर उंची गाठावी. नवख्या माणसाला वाटावे, काय जोमदार रोप आहे! पण ते रोप फिकट, पिवळसर, काडीसारखे बारीक असे. पुष्कळदा लोंबी धरण्याआधीच मरे, आणि जगलेच तर दाणा पोचट. जपानी शेतकरी त्याला 'बाकानाए' म्हणत. 'बाका' म्हणजे खुळा, 'नाए' म्हणजे रोप. खुळे रोप! आपल्याकडेसुद्धा वयाच्या मानाने ताडमाड वाढलेल्या पोराकडे पाहून म्हातारी माणसे काय म्हणतात, ते आठवून पाहावे. शेतकऱ्याची भाषा सगळीकडे सारखीच.

हा खुळेपणा म्हणजे दैवी कोप नसून बुरशीचा प्रताप आहे, हे शोतारो होरी या जपानी शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखवून दिले. ही बुरशी बियाण्याबरोबर येते, कोवळ्या रोपात शिरते आणि त्याच्या आतच वाढते. वरून पाहणाराला दिसते ते फक्त रोपाचे वेड. वेड लावणारा आत लपलेला असतो.

पण बुरशी झाडात शिरली की झाड सुकावे, खुंटावे, कुजावे हा नेहमीचा अनुभव. इथे झाड उंच कसे होते? पुढे तैवानात, त्या काळच्या फोर्मोसात, काम करणाऱ्या केनकिची सावादा यांनी १९१२ साली असा तर्क मांडला की बुरशीच्या तंतूंपासून रोपाला काहीतरी चिथावणी मिळत असावी. तर्क चांगला होता. पण पुराव्यावाचून तर्क म्हणजे साक्षीदारावाचून खटला.

तो पुरावा आणला एइची कुरोसावा यांनी. तैवान १८९५ पासून जपानच्या ताब्यात होते. जपानला तांदळाची चिंता मोठी होती. १९१८ साली तांदूळ महागला तेव्हा जपानच्या गावोगावी दंगे उसळले होते. त्यामुळे तैवानातल्या भातशेतीकडे राज्यकर्त्यांचे डोळे लागून राहिले होते. तिथल्या सरकारी शेतकी केंद्रात कुरोसावा भाताचे रोग तपासण्याचे काम करीत. त्यांनी केलेला प्रयोग आमच्या शाळेतल्या मुलालाही समजेल इतका साधा आहे. त्यांनी ती बुरशी एका द्रवात वाढवली. मग बुरशी गाळून बाजूला काढली आणि उरलेले पाणी निर्जंतुक केले. आता त्या पाण्यात जिवंत असे काहीच राहिले नव्हते. ते पाणी त्यांनी निरोगी भाताच्या रोपांना दिले. रोपे भराभर वाढली. अगदी खुळ्या रोपांसारखी!

म्हणजे खुळेपणा बुरशीच्या अंगस्पर्शात नव्हता. बुरशी पाण्यात जे सोडून गेली होती, त्यात होता. ही गोष्ट १९२६ सालची. चोराला पकडण्याआधी चोराच्या हातातले हत्यार सापडावे, तसा हा प्रकार झाला.

यानंतर हे काम टोकिओच्या विद्यापीठात गेले. तिथे तेइजिरो याबुता नावाचे शेतकी रसायनाचे प्राध्यापक होते. त्यांनी त्या पाण्यातून तो पदार्थ वेगळा काढण्याचा चंग बांधला. १९३४ साली त्यांच्या हाती स्फटिक लागले. आनंदीआनंद झाला असेल! पण ते स्फटिक रोपांना देऊन पाहिले, तर रोपे वाढण्याऐवजी खुंटली. वाढवणारे शोधायला निघाले आणि खुंटवणारे हाती आले. एकच बुरशी दोन्ही करीत होती. फ्युसॅरिक आम्ल असे त्या खुंटवणाऱ्या पदार्थाचे नाव. माझ्यासारख्याने तिथेच कपाळाला हात लावला असता. याबुतांनी बुरशीला द्यायचे अन्न बदलून पाहिले. तशी खुंटवणाऱ्याची मात्रा कमी झाली, आणि १९३५ साली वाढवणारा पदार्थ वेगळा निघाला. बुरशीचे शास्त्रीय नाव तेव्हा 'जिब्बरेला' असे होते. लॅटिनमध्ये 'जिब्बर' म्हणजे कुबड. त्या नावावरून याबुतांनी या पदार्थाला 'जिबरेलिन' म्हटले. १९३८ साली त्यांनी आणि युसुके सुमिकी यांनी मिळून त्याचे स्फटिक तयार केले.

एवढा मोठा शोध. पण जगाला त्याची वार्ता नव्हती. लेख बहुतेक जपानी भाषेत आणि जपानी नियतकालिकांत. त्यात महायुद्ध पेटले. ज्या काळात माणसे माणसांना मारण्याची नवी नवी साधने शोधत होती, त्या काळात रोपाला उंच करणाऱ्या चिमूटभर पांढऱ्या भुकटीची वास्तपुस्त कोण करणार? युद्ध संपल्यावर, १९५० च्या सुमारास, इंग्लंड-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते जपानी लेख धुंडाळले आणि कामाला लागले. १९५४-५५ पर्यंत इंग्लंडात आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे शुद्ध पदार्थ तयार झाला. इंग्रजांनी त्याचे नाव ठेवले जिबरेलिक आम्ल. आमच्या गावातले बागायतदार ज्याला नुसते 'जीए' म्हणतात, ते हेच!

इथपर्यंत वाचून मला वाटले, आता गोष्ट संपली. बुरशीने एक औषध केले आणि माणसाने ते उचलले. पण खरी मौज पुढेच होती. १९५६ च्या सुमारास असे ध्यानात आले की हा पदार्थ बुरशीचा एकटीचा नाहीच. मक्यात, घेवड्यात, झाडाझाडांत तो मुळापासून आहे. १९५८ साली घेवड्याच्या कोवळ्या बियांतून तो प्रत्यक्ष काढून दाखवण्यात आला. झाडाने केव्हा उंच व्हावे, बीजाने केव्हा जागे व्हावे, फळाने केव्हा फुगावे, हे झाड स्वतःच्या शरीराला ज्या निरोपांनी कळवते, त्यांतला हा एक निरोप. आजवर असे शंभरावर जिबरेलिन मोजले गेले आहेत. त्यांतले थोडेच प्रत्यक्ष काम करतात. बुरशी आणि झाड हे दोघे तो पदार्थ आपापल्या निराळ्या वाटेने बनवतात, हेही पुढे सिद्ध झाले. म्हणजे बुरशी झाडात शिरते आणि झाडाच्याच भाषेत बोलू लागते. घरात शिरलेल्या परक्याने यजमानाचा आवाज काढून "वाढा, वाढा" असा हुकूम सोडावा, आणि घरातल्यांनी बिचाऱ्यांनी तो धन्याचाच समजून पाळावा! खुळे रोप खुळे नव्हते, वाचकहो. ते आज्ञाधारक होते. आज्ञा तेवढी परक्याची होती.

आमच्या स्वयंपाकघरातही हा निरोप रोज पोचत असतो. नाचणीचे सत्त्व करायचे म्हणजे आई नाचणी भिजवून, फडक्यात बांधून तिला मोड आणते. धान्याचा दाणा भिजला की त्यातला अंकुर हाच निरोप धाडतो. मग दाण्याच्या सालीखालचा थर जागा होतो आणि आत साठवलेल्या पिठाची साखर होऊ लागते. मोड आलेल्या नाचणीला गोडी येते ती त्यामुळे. सातूवर हे प्रयोग १९६० च्या सुमारास झाले. आमच्या आज्यांना त्यातला निरोप ठाऊक नव्हता; निरोपाचा परिणाम मात्र अचूक ठाऊक होता.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. द्राक्षाला रोग नाही, मग औषध कशाला?

पूर्वी नाशिकला भोकरी, फकडी अशा जातींची द्राक्षे असत. पुढे बिनबियांच्या थॉम्प्सन द्राक्षाचा जमाना आला. सांगलीकडच्या तासगावची 'तास-ए-गणेश' ही त्यातूनच निवडलेली. खाणाराला बिया नकोत, हे खरे. पण फळातले बी काही उगीच बसलेले नसते. वाढीचा निरोप फळाला मुख्यतः बीच देत असते. बी म्हणजे फळाच्या घरातले कर्ते माणूस. ते नाही म्हटल्यावर फळ लहानच राहायचे. बिनबियांचे द्राक्ष नुसते वेलीवर सोडून दिले तर मणी बारीक आणि घड गच्च होतो. कॅलिफोर्नियात १९५० नंतरच्या दशकात रॉबर्ट वीव्हर यांनी थॉम्प्सनच्या घडांवर जिबरेलिनचे प्रयोग केले आणि मणी फुगले. जपानात १९६० च्या आगेमागे 'डेलावेअर' नावाच्या बियांच्या द्राक्षावर हाच उपाय करून तिथल्या लोकांनी त्याच्या बियाच नाहीशा केल्या. तिथेही एकेक घड पेल्यात बुडवतात. एकदा फुलण्यापूर्वी, एकदा फुलल्यानंतर. ज्या देशात हे रोप खुळे ठरले, त्याच देशात त्याची देणगी द्राक्षाच्या मांडवाखाली आली.

आमच्याकडेही तेच. भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी स्पिरिटात विरघळवतात आणि मग पाण्यात मिसळतात. दहा पीपीएमचे पाणी करायचे तर १०० लिटर पाण्याला भुकटी लागते १ ग्रॅम! कामाप्रमाणे आणि मण्याच्या आकाराप्रमाणे मात्रा बदलते. मात्रा चुकली तर शिक्षाही ठरलेली: देठ जाड आणि ताठ होतात, मणी गळू लागतात. मांडवाखाली मान वर करून, हातात भांडे धरून बाया घडामागून घड बुडवत जातात. पेठ-सुरगाण्याकडून या कामासाठी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. आणि ती भुकटी? ती आजही कारखान्यातल्या मोठमोठ्या टाक्यांत तीच भाताची बुरशी वाढवून काढतात. शंभर वर्षांपूर्वी कुरोसावांनी जे लहान भांड्यात केले, तेच आता टाक्यांत चालते.

नुसत्या द्राक्षावर ही गोष्ट थांबती तर मी ती दिवाळी अंकासाठी लिहिली नसती. द्राक्ष हे शेवटी हौसेचे फळ. पण या निरोपाची दुसरी बाजू आपल्या भाकरीशी बांधलेली आहे.

आमची आई १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगते. खडी फोडायची, रांगेत उभे राहून सुकडी घ्यायची आणि परदेशातून आलेली लाल मिलो दळून भाकरी थापायची. ती भाकरी थापताना चिरत असे, असे ती अजून म्हणते. त्याआधी १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे देशाला अवर्षणाची गेली होती. अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची पाळी आली होती. आपला जुना गहू उंच. त्याला खत भरपूर घातले की तो आणखी उंच होई, आणि ओंबी भरली की वाऱ्यापावसात आडवा पडे. पोट भरायला गव्हाने बुटके होणे जरूर होते.

बुटका गहू आला तोही जपानातूनच. 'नोरिन १०' ही त्याची जात. गोंजिरो इनाझुका यांनी तयार केलेली, १९३५ साली लागवडीस दिलेली. ज्या वर्षी टोकिओत याबुतांनी उंच करणाऱ्या पदार्थाला नाव दिले, त्याच वर्षी त्याच देशात हा बुटका गहू शेतात आला. आणि या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. महायुद्धानंतर, १९४६ साली, नोरिनचे दाणे अमेरिकेत गेले; तिथून मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आले; आणि त्यातून निघालेल्या जातींचे १८,००० टन बियाणे १९६६ साली भारताने मागवले. त्याच वर्षी फिलिपाइन्समधून 'आयआर ८' हे बुटके भात आले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

पण हे गहू आणि भात बुटके का, याचे उत्तर मिळायला शतक संपत यावे लागले. १९९९ साली कळले की नोरिनच्या वंशातल्या गव्हाला जिबरेलिनचा निरोप नीट ऐकूच येत नाही. २००२ साली कळले की आयआर ८ भाताच्या अंगी तो निरोप तयार होतो, तोच थोडा. एक कानाने मंद, दुसरा आवाजाने मंद. म्हणून दोघे बुटके राहिले, खताचा भार पेलून उभे राहिले, आणि कोट्यवधी माणसांच्या पोटाला दोन घास लागले. एका टोकाला हाक फार मोठी झाली म्हणून मेलेले खुळे रोप. दुसऱ्या टोकाला हाक कमी पोचली म्हणून तगलेले शहाणे रोप. दोरी एकच.

बाकानाए रोग मात्र संपलेला नाही. पंजाब-हरियाणातल्या बासमतीच्या शेतकऱ्यांना तो अजून छळतो. हरियाणात त्याला 'झंडा रोग' म्हणतात, कारण रोगट रोप बाकीच्यांच्या डोक्यावर झेंड्यासारखे डुलते. ज्याने द्राक्षबागाईतदाराला हात दिला, तोच भातवाल्याचा हात पिरगाळतो. निसर्गाच्या दरबारी चांगला आणि वाईट अशी खाती वेगळी ठेवलेली नसतात.

हे सारे मी त्या मुलाला वर्गात सगळ्यांसमोर सांगितले. आधी मात्र एक गोष्ट केली: "त्या दिवशी मला उत्तर येत नव्हते, म्हणून मी तुला खाली बसवले," हे कबूल केले. वर्गात अगदी शांतता पसरली. मास्तर असे काही बोलतो, याची मुलांना सवय नसते. मग मी गोष्ट सांगितली. त्याने ती नीट ऐकली आणि म्हणाला, "म्हणजे गुरुजी, त्या लोकांनी ते खुळं रोप उपटून फेकलं असतं, तर आपल्याला कळलंच नसतं."

"पिढ्यान्‌पिढ्या उपटून फेकतच होते रे," मी म्हणालो. "एकाने फेकण्याआधी विचारले, हे असे का."

चार दिवसांनी त्याची आई रस्त्यात भेटली. डोक्यावर पाटी, बरोबरच्या बाया पुढे गेलेल्या. हसत हसत म्हणाली, "गुरुजी, पोरगं घरी येऊन सांगतंय, तुम्ही द्राक्षाला भाताची बुरशी लावता म्हणून. खरं का?"

"खरं आहे, बाई."

"मग आम्ही जेवायच्या आधी साबणानं हात धुतो, ते बरंच करतो!" असे म्हणून ती बायांच्या मागे झपाझप निघून गेली.

यंदाही गोडी छाटण्या झाल्या आहेत. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे मांडवाखाली पणत्या लागलेल्या असतील आणि वर वेलींना पोपटी कोंब फुटलेले असतील. महिन्या-दीड महिन्यात मुले पुन्हा गायब होऊ लागतील. शाळा बुडू नये, यासाठी मी त्यांच्या घरी जाईन, भांडेन, विनवीन. ते माझे कामच आहे. पण जो मुलगा चार दिवस मांडवाखाली राहून वर्गात परत येईल, त्याला यंदा मी पहिला प्रश्न 'कुठे होतास' असा विचारणार नाही. 'काय पाहिलेस' असा विचारणार आहे.